पंचावन्नच्या पुढची तारीख

माझा कोट शिवायला मास्तरांनी नाही म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझंच काहीतरी चुकलं असणार. मला बहुतेक वेळा असंच वाटतं.

मास्तर म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. शिंपी. एका खोलीचं दुकान. रस्त्याच्या बाजूला काच, काचेमागे मशीन, मशीनमागे मास्तर. सकाळी नऊला बसले की ते जेवायलाच उठणार, आणि तेही पुष्कळदा उठत नाहीत, कापायच्या टेबलावर कापड बाजूला सारून तिथेच डबा उघडतात. वयाने ते माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान आहेत, पण मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही. जमलंच नाही.

माप त्यांनी नेहमीसारखं घेतलं. छाती, खांदा, बाही, सगळं वहीत टिपलं. मग विचारलं, "कधी हवाय?"

"थंडीपर्यंत झाला तरी चालेल. चार महिने आहेत."

पेन्सिल थांबली. त्यांनी कापडाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"हातात काम फार आहे, भाऊजी. दुसरीकडे द्या."

हँगरवर दोन पँटी लटकत होत्या. मी "बरं" म्हटलं आणि कापड काखेत घालून घरी आलो.

"परत आणलंत?" बायको म्हणाली. "कधीची तारीख मागितली होतीत?"

मी सांगितलं. ती हातातलं फडकं तसंच धरून खुर्चीवर बसली.

"दोन महिन्यांनी त्याला पंचावन्न पूर्ण होतात," ती म्हणाली.

तिच्या माहेरी पुरुष पंचावन्न ओलांडत नाहीत, हे मला बरीच वर्षं ठाऊक होतं. तिचे वडील चोपन्नाव्या वर्षी नळाखाली हात धुताना कलंडले ते तिसऱ्या दिवशी गेले. दुकानात त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसणारे काका, ज्यांना सगळं घर दुकानकाका म्हणे, ते जेवताना छातीला हात लावून गेले. पंचावन्न व्हायला आठ दिवस होते. मग थोरला भाऊ, त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेत. तिघेही शिंपी. त्या घरात याविषयी कुणी रडून बोलत नसे. आमच्याकडे सगळ्यांचे पाय लांब आहेत, अशा सुरात बोलत. मास्तर तर हसून म्हणत, "आम्हाला कापडच तेवढं मिळालंय, भाऊजी. ओढून वाढत नाही."

"आणि त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येतात," बायको पुढे म्हणाली. "चार महिने झाले. मला सांगितलं, आणि वर शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"मग मला कसं सांगतेस?"

"तुम्ही कुणात मोडता?" ती म्हणाली. ते खरंच होतं. मी कुणाला काही सांगायला जात नाही.

आमच्या भागातल्या दवाखान्यातून एक नर्सबाई घरोघर, दुकानोदुकानी फिरतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर, वजन तपासून घ्यावं म्हणून मागे लागतात. दुखायला लागण्याआधी या, असं त्यांचं एकच सांगणं. मास्तरांच्या दुकानात त्या तीनदा येऊन गेल्या होत्या. मास्तरांनी दर वेळी चहा पाजून वाटेला लावलं. "माझं काय बघताय बाई, माझ्या वडिलांची फाईल काढा. तेच आहे, फक्त नाव बदला."

शेवटी त्या एक फॉर्म ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी उगाच दुकानात डोकावलो, तेव्हा तो मोठ्या कात्रीखाली दिसला. तंबाखू खाता का, मीठ वरून घेता का, दिवसात किती वेळ बसून असता, कमरेचा घेर किती – सगळ्या जागा कोऱ्या. फक्त शेवटच्या चौकटीत, जिथे रक्ताच्या नात्यातल्या माणसांची दुखणी विचारली होती, तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: वडील, काका, भाऊ. पुढे आकडे: ५४, ५४, ५३. त्याखाली एक आडवी रेघ, बेरजेखाली मारतात तशी.

मी तो फॉर्म मागितला. मास्तर म्हणाले, "न्या. तुम्हाला कागद आवडतात."

खरं आहे. छत्तीस वर्षं मी एका वाचनालयात कार्डं केली. पुस्तक आलं की कार्ड; वर शीर्षक, खाली तपशील, मग खणात योग्य जागी. दुसरं मला काही येत नाही. निवृत्त झालो तेव्हा कोरी कार्डं दोन खोके उरली होती, ती मला दिली. अर्धवट भरलेला फॉर्म पाहिला की मला बेचैन होतं. या बेचैनीचा कुणाला काही उपयोग होईल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं. निदान हातांना काम, एवढंच.

दुपारी बायको मटार सोलायला बसली. मी समोर कार्डं घेऊन बसलो आणि एकेका माणसाविषयी विचारत गेलो.

"बाबा. तंबाखू?"

"दिवसाला दोन पुड्या."

"मीठ?"

"मिठाची वाटी त्यांच्या ताटाला चिकटलेलीच असायची. चव न बघता आधी मीठ. सगळेच तसे. दुकानातून दमून यायचे ना."

"फिरणं, चालणं?"

"कुठे चालणार? दुकान खाली, घर वर."

"रक्तदाब कधी तपासला होता?"

"पडल्यावर," ती म्हणाली.

दुकानकाकांचं कार्डही तसंच भरलं. तीच तंबाखूची डबी. दोघांच्या मशीनच्या मधल्या फळीवर ठेवलेली असे, ज्याचा हात पोचेल तो घेई. तेच ताट, तीच वाटी. थोरल्या भावाचं कार्ड लिहिताना मला वरची ओळ पुन्हा लिहावीशीही वाटेना, इतकं सगळं एकसारखं.

दुकानकाकांच्या कार्डावर नात्यापुढे मी नुसतं 'काका' लिहिलं होतं. ते नीट करावं म्हणून विचारलं, "बाबांचे थोरले भाऊ की धाकटे?"

"कसले भाऊ?" मटाराची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "आत्याचे यजमान ते. लग्नानंतर चार दिवस दुकानात मदतीला आले ते तिथेच राहिले. गिऱ्हाइकं काका म्हणायची, मग आम्हीही काका."

"म्हणजे रक्ताचं नातं नाही?"

"नाही," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, अगदी हळू, "अहो, मग ते कशाने गेले?"

मी कार्ड खाली ठेवलं. वाचनालयात एखाद्याने आपला सगळा ग्रंथसंग्रह भेट दिला की तो एका कपाटात ठेवायची पद्धत होती. त्यात एखादं पुस्तक भलत्याच माणसाचं, उसनं आणलेलं असे, पण त्या कपाटात सापडलं म्हणून आम्ही ते त्याच संग्रहात धरत असू. इथेही मी तेच केलं होतं. आणि फक्त मीच नाही. त्या घराने तीस वर्षं तेच केलं होतं.

"मग बाबांना सख्खा भाऊ नव्हताच का?"

"होता की. आहे. दूरकाका."

"हे कोण?"

"बाबांचे पाठचे भाऊ. सहा महिन्यांचे असताना दत्तक गेले, लांबच्या गावी. म्हणून दूरकाका. त्यांना आपल्यात कसं धरायचं? ते त्या घरचे झाले."

"आहेत म्हणजे हयात आहेत?"

"हयात कसले, ठणठणीत आहेत. त्र्याऐंशी वर्षांचे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

फोनवर बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. बायकोनेच नंबर लावला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला, लहान मुलाला औषध पाजतात तसा. पलीकडून दणदणीत आवाज आला.

"कोण? कुणाचे जावई? मोठ्याने बोला, माझं काही बिघडलेलं नाही, तुमचाच आवाज बारीक आहे!"

मी तब्येत विचारली.

"तब्येतीला काय धाड भरलीय? आत्ताच फेरी मारून आलो."

"रक्तदाब वगैरे…"

"आहे की! बेचाळिसाव्या वर्षी सापडला. एकशे सत्तर. गोदामात नोकरीला होतो, तिथे सगळ्यांना रांगेत उभं करून तपासलं, त्यात मी निघालो. तेव्हापासून रोज सकाळी गोळी. एक्केचाळीस वर्षं झाली."

"तंबाखू?"

"सहा वेळा सोडली. सातव्यांदा सुटली. मीठ बायको मोजून घालते, वर मागितलं तर हसते फक्त. पण काय हो, हे सगळं कशाला विचारताय? विमा विकता का?"

मी मास्तरांविषयी सांगितलं.

"मी दादाला पत्र लिहिलं होतं तेव्हा," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाजही बारीक झाला होता. "माझ्यात निघालंय, तुझ्यातही असेल, तपासून घे म्हणून. त्याचं उत्तर आलं, तुझं घर वेगळं, तुझं दुखणं वेगळं. पाच वर्षांनी तो गेला. पोराला म्हणावं, तू तरी तसं उत्तर देऊ नकोस."

हे चौथं कार्ड लिहिताना मला दोन कार्डं खराब करावी लागली.

दुसऱ्या दिवशी खिशात कार्डं घेऊन दुकानाकडे गेलो. काचेपुढून पुढे गेलो, परत आलो. मला असल्या गोष्टी सांगायचा काय अधिकार? घरचा जावई, तोही मुखदुर्बळ. जे त्यांच्या घरातल्यांना दिसलं नाही ते मला दिसलं, असं म्हणणंही आगाऊपणाचं.

"भाऊजी," आतून आवाज आला, "तिसरी चक्कर आहे. आत या, नाहीतर निदान काच तरी पुसा."

आत गेलो. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. मग कापायच्या टेबलावर कार्डं एकाखाली एक मांडली.

"हा कुठला डाव?" मास्तर म्हणाले आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचू लागले. बाबा. भाऊ. दुकानकाका. "बरोबर आहे. तिन्ही हुकमाची पानं."

मी दुकानकाकांचं कार्ड बाजूला सरकवलं. "हे तुमच्या रक्ताचे नव्हते."

"ते ठाऊक आहे मला. आत्याचे…" ते थांबले. फॉर्मवर आपण काय लिहिलं ते त्यांना आठवलं असावं. "पण गेले ना तसेच."

"तसेच गेले. रक्त दुसरं होतं. डबी तीच होती, वाटी तीच, बाक तोच."

मग मी दूरकाकांचं कार्ड ठेवलं. "हे मात्र रक्ताचे. सख्खे."

मास्तरांनी ते हातात घेतलं. वाचून झाल्यावरही ते कार्डाकडे बघतच राहिले. दुसरा हात सवयीने मशीनच्या चाकावर गेला होता. ते चाक त्यांनी थोडं पुढे फिरवलं, थोडं मागे.

"यांना रक्तदाब आहे?"

"एक्केचाळीस वर्षं."

"आणि फेरी मारून येतात?"

"फोनवर माझ्यावर ओरडले."

ते हसले नाहीत. कार्ड खाली ठेवून म्हणाले, "आणि तपासल्यावर आकडा भलताच निघाला तर, भाऊजी? आज निदान मला माहीत तरी नाही."

तेव्हा मी जे बोललो ते मला कसं सुचलं, कळत नाही. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही माप न घेता कधी कापड कापता का?"

चुकलंच, असं वाटलं.

"तुम्ही आज फार बोलताय," मास्तर म्हणाले, आणि उठून खुंटीवरचा शर्ट घातला.

दवाखान्यात नर्सबाईंनी त्यांना पाहून हातातलं पेन खाली ठेवलं. "या या! वडिलांची फाईल आणलीत की स्वतः आलात?"

"स्वतःच आलोय. फाईल भाऊजींनी आणलीय."

आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मास्तरांना ती पाच मिनिटं फार जड गेली. दाब दोनदा मोजला. एकशे चौसष्ट, खालचा एकशे दोन. नर्सबाईंनी काही न बोलता लिहून घेतलं आणि विचारलं, "कंबर?"

"छत्तीस," मास्तर ताबडतोब म्हणाले.

बाईंनी फीत काढली. "एक्केचाळीस."

"शक्यच नाही. फीत तिरकी धरलीय तुम्ही. आणा इकडे." तीस वर्षं सगळ्या रस्त्याची कंबर मोजलेल्या माणसाने स्वतःभोवती फीत गुंडाळली, वाकून आकडा पाहिला, पुन्हा गुंडाळली. "एक्केचाळीस," ते म्हणाले. "पण मी पँट जिथे बसते तिथे मोजतो."

"आम्ही पोट जिथे बसतं तिथे मोजतो," नर्सबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. माझी कार्डं त्यांनी एकेक करून वाचली. मी अक्षराबद्दल माफी मागितली.

"वडील आणि भाऊ दोघंही पंचावन्नच्या आत गेले, याला वजन आहे," त्या मास्तरांना म्हणाल्या. "रक्ताचा वाटा नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारख्याने म्हणून तर लवकर यायला हवं होतं. पण तो एक वाटा झाला. तंबाखू, मीठ, पोट, दिवसभराचं बसणं, न तपासलेला दाब, हे बाकीचे. ते बदलता येतात. तुमच्या काकांनी बदलले."

मग त्यांनी हात पाहिला. अंगठ्याखाली दाबलं, मनगटावर बोटाने टकटक केलं.

"मुंग्या इथे येतात? अंगठा आणि शेजारची दोन बोटं? सकाळी उठल्यावर जास्त?"

"हो." मास्तरांचा आवाज खोल गेला होता.

"कात्री याच हातात धरता ना? मनगटातली नस दबलीय. शिंप्यांना होतं हे."

"म्हणजे झटका नाही?"

"हा नाही. पण तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलताना शब्द अडखळले, तर शिवण तशीच सोडून यायचं. एक टाकासुद्धा पुरा करायचा नाही."

हृदयाचा आलेख काढला, तो बरा निघाला. साखर काठावर होती. दाब एका दिवसावर ठरवत नाहीत म्हणून आणखी दोनदा बोलावलं, आणि तिसऱ्या खेपेला गोळी सुरू केली.

पण मला आठवतो तो पहिला दिवस. बाहेर येऊन मास्तर भिंतीकडेच्या बाकावर बसले. मी शेजारी बसलो. त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं मिटली, उघडली.

"चार महिने," ते म्हणाले, "रोज सकाळी उठून आधी ही बोटं हलवून बघायचो, भाऊजी. पाचही हलली की मग दात घासायचो." आणि ते हसायला लागले. हसता हसता शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी दुसरीकडे बघत राहिलो, कारण माझंही तसंच काही झालं होतं.

तेवढ्यात दारातून नर्सबाईंनी हाक मारली. "अहो कार्डवाले आजोबा, तुम्ही तिशीच्या पुढे असाल ना? मग या की आत."

माझाही दाब किंचित जास्त निघाला. घरी आल्यावर बायकोने टेबलावरची मिठाची डबी उचलली आणि आतल्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली. ही माहेरची सवय आपणच या घरी घेऊन आलो, असं पुटपुटली. मी म्हटलं, मीही चव न बघताच घेत होतो. त्यानंतर आठवडाभर सगळं जेवण मला ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. मग तसं लागेनासं झालं.

दुकानातही थोडं इकडचं तिकडे झालं. मास्तरांनी इस्त्रीचं टेबल मशीनपासून लांब, पार मागच्या भिंतीला नेलं, म्हणजे दर शिवणीला उठून जावंच लागतं. संध्याकाळी दुकान बंद करून ते आमच्या घरापर्यंत चालत येतात, पाणी पितात आणि चालत परत जातात. तंबाखू दोनदा सुटली आणि दोनदा परत आली. याचं त्यांना फारसं वाईट वाटत नाही. "दूरकाकांची सातव्यांदा सुटली," म्हणतात, "माझ्या हातात अजून पाच आहेत." दर रविवारी ते काकांना फोन करतात आणि दोघं एकमेकांना आपापले आकडे सांगतात, जणू सामना चालू आहे.

त्यांच्या वाढदिवसाला तीन आठवडे होते तेव्हा बायकोने ते कापड पुन्हा माझ्या काखेत दिलं. मी नको नको म्हणत होतो. पुन्हा नाही म्हणाले तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

मास्तरांनी कापड उलगडलं, उजेडात धरलं. मग फीत गळ्यात अडकवून म्हणाले, "उभे राहा."

"माप घेतलं होतंत मागे."

"ते जुनं झालं. हात वर करा. मीठ कमी झाल्यापासून बारीक झालायत, की मला तसं वाटतंय?"

सगळं नव्याने घेतलं. वहीचं पान उलटून माझं नाव लिहिलं, आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान वर केलं, मग आणखी एक. बोटाने आठवडे मोजले. मग खाली वाकून तारीख लिहिली आणि तिच्याभोवती एक गोल काढला.

"थंडीचा पहिला आठवडा," ते म्हणाले. "पण शिंप्याची तारीख आहे, भाऊजी. पंधरा दिवस पुढे जाणारच, हे आत्ताच सांगतो. मग चकरा मारून काचेपुढे उभे राहू नका."

मी म्हटलं, "जाऊ द्या पुढे. मला घाई नाही."